झाडाकडची छत्तीस पावलं

नागोजींनी जाण्यापूर्वी लेकीकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि रूपश्री तिला 'हो' म्हणून बसली होती. तीर्थयात्रा नव्हे, दानधर्म नव्हे. "झाडाकडची बाजू टेप लावून मोज," ते म्हणाले होते, "माझ्या पावलांवर जाऊ नको." एवढं बोलून त्यांनी नाचणीच्या आंबलीची वाटी बाजूला सारली आणि इस्पितळाच्या खाटेवर भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर दोन दिवसांनी ते गेले. त्या मागण्याला आता बावीस दिवस झाले होते, आणि टेप काही लागली नव्हती.

मोजायचं होतं ते फुटबॉलचं मैदान. यशवंतपूरच्या रेल्वे यार्डामागे, एका अंगाला मालगोदामाची दगडी भिंत आणि दुसऱ्या अंगाला चिंचेची सहा झाडं, यांच्यामध्ये भवानी यूनियनचं मैदान होतं. यूनियन म्हणजे फुटबॉलची टीम, जुनी. गल्लीतल्या मराठी घरांनी काढलेली, पुढे कानडी, तमिळ, जो कोणी चेंडूला नीट पाय लावील त्याची झालेली. नागोजी गुड्स शेडमध्ये नोकरी करत आणि शनिवारी मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारत. नोकरी संपली, फक्की चालू राहिली. अशी सव्वीस वर्षं. तळाला भोकं पाडलेला डबा, सुतळीचं एक भेंडोळं आणि स्वतःचे दोन पाय, एवढंच त्यांचं सामान. भिंतीकडची रेघ भिंतीखालच्या गटाराला धरून जाई, तिथे चुकायला जागाच नव्हती. झाडाकडे मात्र काही खूण नव्हती. तिथे नागोजी गोलच्या खांबाला पाठ टेकून उभे राहत, एका गोलमागच्या आंजनेयाच्या देवळाकडे बघून हात जोडत आणि मोजत निघत. बरोब्बर छत्तीस पावलं. छत्तिसाव्या पावलाला टाच रोवली की तिथे झेंडा. मग दुसऱ्या टोकाच्या गोलकडे जाऊन तसंच, आणि मग दोन झेंड्यांमध्ये सुतळी.

कुणी टेपचं नाव काढलं तर म्हणत, "टेप ओढली की लांबते, सोडली की आखडते. पाऊल देवानं दिलेलं असतं."

देवानं दिलेल्या त्या पावलाचा अंगठा आणि शेजारचं बोट तीन वर्षांपूर्वी साखरेच्या दुखण्यात कापावं लागलं. नागोजी तीन महिन्यांत पुन्हा मैदानावर. डबा तोच, सुतळी तीच, पावलं छत्तीसच.

वडील काय सांगून गेले ते रूपश्रीला कळलं नव्हतं असं नाही. ती बसवनगुडीतल्या एका शाळेत ग्रंथपाल होती, आणि लोक सांगतात त्यापेक्षा न सांगितलेलं वाचायची तिला जास्त सवय होती. कळलं होतं म्हणूनच तिनं टेप लावली नव्हती. रेघ बरोबर निघाली, तर अप्पा शेवटी भ्रमात बोलत होते असं ठरणार. चुकीची निघाली, तर सव्वीस वर्षांचा शब्द मातीत जाणार. आणि त्याहून वाईट म्हणजे, दोन मोसम अप्पांनी संघातल्या पवनकुमारला रेघेबाहेर जातो म्हणून उगाच शिव्या घातल्या आणि तसेच गेले, असं होणार. त्यापेक्षा न मोजणं बरं. गुरुवारी संध्याकाळी विश्वासराव दारात येऊन उभे राहीपर्यंत तिचं हे असं चाललं होतं.

विश्वासराव शिंपी होते आणि यूनियनचे सेक्रेटरी. त्यांनी नागोजींच्या फोटोला हात जोडले, खुर्चीच्या कडेवर बसले.

"फक्कीचा डबा न्यायला आलो रूपक्का. अण्णा गेले म्हणून मॅच पुढे ढकलली होती ती परवा आहे. मोसमातली शेवटची."

"रेघ कोण मारणार?"

"मीच. त्यात काय अवघड? पाऊस नाही, अण्णांनी शेवटची मारलेली रेघ पुसट का होईना, दिसते अजून. तिच्यावरूनच डबा फिरवायचा. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही. कमिटीत ठरलंय, यूनियन आहे तोवर रेघ अण्णांचीच."

डबा मोरीच्या कोपऱ्यात होता. तो आणायला रूपश्री उठली तेवढ्यात विश्वासराव म्हणाले, "आणि पवनकुमारला नारळ द्यायचं ठरलंय."

नारळ देणं म्हणजे काढून टाकणं, हे इतरत्र बोलण्यापुरतं असतं. भवानी यूनियनमध्ये तो खराखुरा नारळ असे. शेवटच्या मॅचनंतर, ज्याला पुढच्या मोसमात घ्यायचं नाही त्याच्या हातात कुंकू लावलेला शेंडीचा नारळ द्यायचा. त्यानं तो कपाळाला लावायचा आणि जायचं. भांडण नाही, कडू शब्द नाही, अशी पहिल्यापासूनची रीत.

"तुझ्या हातून द्यायचा नारळ," विश्वासराव म्हणाले. "कमिटीतली अण्णांची जागा आता तुझी. आणि खरं सांगू का, तो पोरगा सगळ्यात जास्त खुपायचा तो अण्णांनाच."

आतून अंबुबाई, नागोजींची थोरली बहीण, ओरडली, "बरं सुचलं! सव्वीस वर्षांत पोरीला कधी मॅचचा चहा प्यायला बोलावलं नाही, आणि आता नारळ द्यायला बोलावताय?"

"आत्या, मान आहे तो."

"असला मान तुझ्याच दुकानात टांगून ठेव, विश्वास."

पवनकुमार लेफ्ट आउट होता. डाव्या बगलेनं बॉल घेऊन धावायचं आणि मध्ये क्रॉस मारायचा, हे त्याचं काम. वय एकवीस. धावायला लागला की यार्डातली माणसं हातातलं काम सोडून बघत. पण त्याच्यावरून यूनियनचे सरळ दोन तट पडले होते. चिंचेखाली बसणारे म्हणत, हा गाढव आहे, बॉल घेऊन रेघेबाहेर जातो. भिंतीकडे उभे राहणारे म्हणत, असा लेफ्ट आउट यशवंतपुरात झाला नाही. दुसऱ्यांच्या मैदानांवर तो बरा खेळे म्हणे, पण तिथे बघायला जातो कोण? चिंचेखालचे म्हणत, "बाहेर चमकून काय उपयोग? घरी दिवा लावा म्हणावं." एका कारखान्याच्या संघात त्याला नोकरीसकट घ्यायचं बोलणं चाललं होतं. भवानी यूनियनसारख्या गल्लीतल्या संघानं नारळ दिलेल्या पोराला कारखाना कशाला घेईल?

आणि चिंचेखालून सगळ्यात वरचा आवाज नागोजींचा असे. "अरे रेघ दिसत नाही तुला? का चुना लावू तुझ्या डोळ्यांना?"

शुक्रवारी शाळा सुटल्यावर रूपश्री विश्वासरावांच्या दुकानात गेली. नारळाचं काय सांगायचं ते बसमध्ये तिनं मनाशी नीट बांधलं होतं. दुकानात पाऊल टाकलं तर आत रणधुमाळी. टपालखात्यातून निवृत्त झालेले आप्पाजी, म्हणजे चिंचेखालचा दुसऱ्या नंबरचा आवाज, आणि कारखान्यात लेथवर काम करणारा नरसिंह, म्हणजे भिंतीकडचा पहिल्या नंबरचा, काजांच्या मशीनच्या दोन बाजूंना उभे होते.

"सात वेळा!" आप्पाजी म्हणत होते. "मागच्या मॅचला सात वेळा बॉल बाहेर. मोजलेत मी. गाढवाला निदान घरची वाट ठाऊक असते."

"आप्पाजी, घोड्याला गाढव म्हणाल तर पाप लागेल. मी पण मोजले. पाच क्रॉस, पाचही आत. चष्मा कुठल्या दुकानातून घेतलात?"

"चष्म्यावर जाऊ नकोस! बॉल माझ्या पायाशी येऊन पडतो, उचलून परत देतो मी. कंबर मोडली उचलून उचलून."

"आणि माझ्या नाकासमोरून जातो तो. गटाराच्या काठाकाठानं. पाय गटारात नाही, बॉल गटारात नाही. सर्कशीत दोरीवर चालतात तसा."

"मग सर्कशीत पाठव त्याला."

"सरी, सरी, पुरे आता," विश्वासराव कातरीनं टेबल ठोकत म्हणाले, "स्वल्प हळू. गिऱ्हाईक आलंय."

रूपश्री दारातच उभी होती. तिनं विचारलं, "नरसिंहण्णा, तुम्ही मॅचला किती वाजता पोचता?"

"चारला तर शिफ्ट सुटते अक्का. सायकल हाणत येईपर्यंत हाफ टाइम."

"तुम्ही सगळेच?"

"भिंतीकडचे सगळे आमच्याच शिफ्टचे. फाटक भिंतीकडे, म्हणून भिंतीकडे उभे राहतो. का?"

"आणि आप्पाजी, हाफ टाइमनंतर तुम्हाला पवन कसा दिसतो?"

"तेव्हा तो पलीकडे असतो, भिंतीकडे. एवढ्या लांबचं मला कुठलं दिसायला? डोळ्यात मोतीबिंदू वाढतोय."

"आत्ता कबूल झाले!" नरसिंह हसला. पुन्हा जुंपली.

रूपश्री मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. भवानी यूनियनची आणखी एक रीत होती. पहिल्या हाफात आंजनेयाच्या देवळाकडे पाठ करून खेळायला सुरुवात करायची. पाहुण्या संघाला काय, कुठलंही टोक चालतं. म्हणजे प्रत्येक मॅचला, पहिल्या हाफात डावी बगल ती झाडाकडची आणि दुसऱ्या हाफात भिंतीकडची. चिंचेखालच्यांनी गाढव पाहिलं होतं, भिंतीकडच्यांनी घोडा. दोघंही खरं बोलत होते. ती स्वतः पहिल्या हाफात अप्पांना कॉफीचा थर्मास देऊन परत येई. तिनंही गाढवच पाहिलं होतं. यूनियनचा राइट आउट जाडजूड, तो झाडाकडे असला तरी रेघेपर्यंत कधी पोचतच नसे. राहिले पाहुणे. तेही झाडाकडे बॉल घालवत असतील, पण परक्यांच्या चुका कोण मोजतो?

"बोल रूपक्का," विश्वासराव म्हणाले.

बसमध्ये बांधलेलं सगळं सुटलं होतं. ती म्हणाली, "टेप हवी होती."

"ही घे."

"ही पाच फुटी. लांब हवी."

"माझा भाऊ मेस्त्री आहे, त्याची शंभर फुटी आहे घरी," नरसिंह म्हणाला. "कशाला हवी अक्का?"

"मोजायला," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी सहाला ती मैदानावर गेली. मार्चातली सकाळ, यार्डात शंटिंगचा आवाज, चिंचेखाली रात्रीचा थोडा गारवा उरलेला. तिला वाटलं होतं कुणी नसेल. पण पवनकुमार एकटाच झाडाच्या बाजूनं बॉल घेऊन धावत होता, परत येत होता, पुन्हा धावत होता. तिला पाहून थांबला. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"अक्का? एवढ्या सकाळी?"

"टेपचं टोक धर जरा."

त्यानं तिच्या हातातल्या चामड्याच्या डबीकडे पाहिलं, मग मातीतल्या पुसट पांढऱ्या रेघेकडे.

"राहू दे ना अक्का. अण्णांची रेघ आहे ती."

"म्हणून तर. धर."

आधी त्यांनी भिंतीकडची बाजू मोजली, खांबापासून गटाराकडच्या रेघेपर्यंत. त्र्याण्णव फूट. मग झाडाकडची. पवनकुमारनं टोक खांबाला धरलं होतं, रूपश्री टेप उलगडत नागोजींच्या रेघेपर्यंत चालत गेली आणि वाकली. त्र्याऐंशी. ती आकड्यावर बोट ठेवून तशीच उभी राहिली. मग दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा मोजलं. तिथेही त्र्याऐंशीला दोन इंच कमी.

पावलं छत्तीसच, आणि दहा फूट कमी. रूपश्री तिसऱ्या चिंचेच्या वर आलेल्या मुळावर बसली.

"तुला ठाऊक होतं?"

पवनकुमार टेप गुंडाळायला लागला होता. म्हणाला, "पायांना ठाऊक होतं. लहानपणापासून इथंच खेळतो ना. तुम्ही बसलाय त्या मुळापासून हातभर आत रेघ असायची. मी खाली बघून धावत नाही अक्का, झाडं बघून धावतो. पायाला तीच सवय. हळूहळू रेघ आत यायला लागली. गेल्या वर्षी एकदा मोजलं मी, माझ्या पावलांनी."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला, अण्णांना?" तो थोडा हसला. "बुटात कापूस कोंबून मोजायचे ते. तिसाव्या पावलाला थांबून खांब असल्यासारखा हवेत हात टेकायचे. मी बघितलंय. त्यांना काय सांगू, पाऊल लहान झालं म्हणून?"

"शिव्या खात राहिलास."

"शिव्यांनी काय होतंय. शिव्या द्यायचे, आणि मॅच झाली की सगळ्यांच्या आधी विचारायचे, सकाळी जेवलास काय रे." त्यानं टेपचा पीळ सोडवला. "मी आत धावायचा प्रयत्न केला अक्का. जमलं नाही. डोकं ऐकायचं, पाय ऐकायचे नाहीत."

यार्डात इंजिन शिट्टी देऊन गेलं.

"शेवटच्या बुधवारी इस्पितळात गेलो होतो मी," पवनकुमार म्हणाला. "दुपारी. तुम्ही शाळेत होता. शहाळं घेऊन गेलो."

रूपश्रीनं वर पाहिलं. बुधवारी संध्याकाळीच अप्पा टेपचं बोलले होते. खाटेखाली पडलेलं शहाळं तिनं पाहिलं होतं, आत्यानं आणलं असेल असं वाटलं होतं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आता खरं सांग. भिंतीकडे एवढा नीट धावतोस, मग झाडाकडेच तुला काय होतं? मी म्हटलं, माझीच चूक अण्णा. पण त्यांचा पाय चादरीबाहेर होता. बोलता बोलता मी तिकडे बघितलं. बघायचं नव्हतं, बघितलं गेलं. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं, मग पायाकडे. मला वाटलं, आता संपलं."

"आणि?"

"हसायला लागले. म्हणाले, म्हणजे दोन वर्षं मी माझ्याच पायावर ओरडतोय होय रे? असे हसले की शेजारचा पेशंट उठून बसला, नर्स रागावली. मग अर्धं शहाळं प्यायले आणि अर्धं मला प्यायला लावलं."

जे कळलं तर अप्पांचं काय होईल म्हणून रूपश्री भीत होती, ते अप्पांना आधीच कळलं होतं. आणि ते हसले होते.

"मला हे सांगितलं का नाहीस?"

"नारळ मिळणार हे कळलं होतं. मग सांगितलं असतं तर नारळ चुकवायला सांगतोय असं वाटलं असतं. तेही मेलेल्या माणसाच्या नावावर."

"बरं," ती उठली. "दुपारी बूट नीट बांधून ये."

दोनच्या सुमाराला विश्वासराव डबा घेऊन मैदानावर आले. काखेत पिशवी, पिशवीत शेंडी बाहेर आलेला नारळ. रूपश्रीनं त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"रूपक्का, महिना झाला नाही अजून. लोक काय म्हणतील? बाप गेला आणि लेकीनं त्याची रेघ पुसली."

"पुसू नका. फक्त बाहेरून दुसरी मारा. अप्पांनीच मोजायला सांगितलं होतं मला. मी 'हो' म्हटलं आणि केलं नाही. आज केलं."

"टेप बरोबर धरली होतीस का?"

"तुम्ही धरा."

"शिंप्याला टेप शिकवू नकोस," असं म्हणत विश्वासरावांनी स्वतः मोजलं. दोनदा मोजलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा मोजलं. "दहा फूट," ते खाली बसत म्हणाले. "दहा फुटांत मी दोन झब्बे बेततो. आणि तीन वर्षं कुणाला दिसलं नाही!" मग हळू आवाजात, "मलाही नाही."

ते उठले. टेपनं त्र्याण्णव फुटांवर झेंडे रोवले, सुतळी ताणली आणि डबा हलवत निघाले. रेघ सरळ गेली.

चिंचेखालचे एकेक करून येऊ लागले तशी खरी लढाई जुंपली. नवी रेघ आप्पाजींच्या स्टुलाखालून गेली होती.

"हे काय? मी कुठं बसू?"

"मागे," विश्वासराव म्हणाले.

"सव्वीस वर्षं इथं बसतोय मी!"

"नाही आप्पाजी. सव्वीस वर्षं तुम्ही त्या बुंध्याशी बसत होता. गेली तीन वर्षं रेघेमागोमाग सरकत सरकत इथवर आलात."

आप्पाजींनी बुंध्याकडे पाहिलं. बुंध्यात त्यांनीच कधीकाळी छत्री अडकवायला ठोकलेला खिळा होता, आता गंजलेला. ते स्टूल उचलून तिथे गेले. छत्री खिळ्याला लावली.

नरसिंह आज तासभर आधी सुट्टी घेऊन आला होता. टेप कशाला नेली हे त्याला गप्प बसू देत नव्हतं. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "दोन वर्षं ओरडतोय मी! घोडा आहे म्हणून!"

"तुम्ही तरी पहिला हाफ कधी पाहिलात?" रूपश्री म्हणाली. "आज बघा."

रेफरी मल्लेश्वरमहून आलेला. मैदानाला चक्कर मारताना तो झाडाकडे थबकला. मातीत दोन रेघा होत्या, एक पुसट, एक ठळक.

"यातली कुठली धरायची?"

विश्वासरावांनी घसा साफ केला. "आतली नागोजी अण्णांची," ते म्हणाले. "बाहेरची खेळायची."

यूनियननं देवळाकडे पाठ केली आणि मॅच सुरू झाली. पहिल्यांदा बॉल पवनकुमारकडे आला तेव्हा तो सुसाट निघाला आणि जुन्या रेघेपाशी एकदम थबकला. इतका की मागून येणाऱ्यानं अलगद बॉल काढून नेला. चिंचेखालून "थूत्!" असा सामुदायिक आवाज आला. रूपश्रीनं हातातला थर्मास घट्ट धरला. तिनं तो सवयीनं भरून आणला होता, द्यायला कुणी नव्हतं.

दुसऱ्यांदा बॉल आला. पवनकुमारनं मान वर केली. झाडांकडे बघत धावायला लागला. जुनी रेघ ओलांडली, पाहुण्यांचा बचाव करणारा तिथेच थांबला आणि हात वर करून रेफरीकडे बघू लागला. रेफरीची शिट्टी काही वाजली नाही. दोन रेघांमधल्या त्या दहा फुटांत पवनकुमार एकटाच धावत होता. आप्पाजी सवयीनं खाली वाकले, बॉल उचलायला. बॉल आलाच नाही. तो उंच मध्ये गेला आणि वरच्या दांड्याला लागून परत आला.

"अय्यो!" नरसिंह डोक्याला हात लावून खाली बसला. तो आज पहिल्यांदाच चिंचेखाली होता.

हाफ टाइमच्या थोडं आधी तसाच आणखी एक क्रॉस आला. यूनियनच्या जाडजूड राइट आउटच्या नडगीला लागून तो गोलमध्ये गेला. नडगी आपली आहे हे त्यालाही नंतर कळलं. दुसऱ्या हाफात पाहुण्यांनी एक फेडला, आणि मॅच एक-एक सुटली.

सगळे गोलपाशी जमले. मोसमाच्या शेवटी असतं तसं. विश्वासरावांच्या हातात पिशवी होती, आणि तिचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं.

"क्रॉस जरा उंच मारतो," आप्पाजी म्हणाले. "खाली मारायला शिकवा त्याला."

"उंचीचं ठीक आहे हो," नरसिंह म्हणाला, "पण दुसऱ्या हाफात दमतो. आज नीट बघितलं मी. घोड्याला दाणा कमी पडतोय."

"घोडा नाही, हेच तर म्हणत होतो मी कधीपासून!"

"गाढव म्हणत होता!"

"बाहेर गेला तेव्हा म्हणत होतो. आत राहिला तर कशाला म्हणेन?"

तट आहेत तसेच राहिले, फक्त जागा बदलल्या. रूपश्रीला ते ऐकून बरं वाटलं. कारखान्याला शिफारशीचं पत्र मंगळवारी पाठवू, असं विश्वासरावांनी सगळ्यांदेखत सांगितलं. मग त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"रूपक्का, याचं काय करायचं? कुंकू लावलेला नारळ परत दुकानात ठेवता येत नाही."

तिनं नारळ घेतला. झाडाकडच्या खांबाशी गेली, जिथून अप्पा मोजायला निघत. देवळाकडे बघून हात जोडले. मग पवनकुमारला बोलावून नारळ त्याच्या हातात दिला. त्याचा चेहरा क्षणभर गोंधळला.

"जायला नाही," ती म्हणाली. "फोडायला."

त्यानं खांबाखालच्या दगडावर एका घावात नारळ फोडला. पाणी मातीत गेलं, नागोजींचं पहिलं पाऊल पडायचं तिथे. एक भकल रूपश्रीनं त्याला दिलं, एक पिशवीत टाकलं. थर्मासातली कॉफी कोमट झाली होती. ती त्यानं आणि नरसिंहानं वाटून प्यायली.

घरी आली तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. अंबुबाईनं पिशवीत हात घातला.

"हे अर्धंच कसं?"

"अर्धं पवनला दिलं. यूनियननं त्याला काढलं नाही आत्या."

"नागोजीनं आकांत केला असता."

"नाही," रूपश्री म्हणाली. "ते हसले असते." मग मोरीत पाय धुता धुता तिनं शहाळ्याची सगळी गोष्ट सांगितली. आत्या खोवणीवर भकल धरून ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला, मग पदरानं डोळे पुसून पुन्हा चालू झाला. खोबऱ्याचा पांढरा ढीग ताटात वाढत गेला.

"चटणी करते," ती म्हणाली. "दोन डोसे तरी खाशील का? रोज नुसती ताटावरून उठतेस."

चुलीवर तवा तापत होता. रूपश्री पाट ओढून बसली. तिला लक्षात आलं, आपल्याला भूक लागली आहे. चांगली, सकाळपासून मैदानावर असल्यासारखी.

"चार घाल," ती म्हणाली.